नळीवरची चिंधी

“हिच्या गळ्यात सवतीचा टाक घालायलाच पायजे होता रं.”

“मग हिला कळलं असतं, आई. झोपलीय न्हवं?”

मी झोपले नव्हते. मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, नव्या सुनेला शोभेल तशी. म्हणजे माझ्याआधी या घरात एक होती, आणि ती मेली होती. दुसरीनं गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालायचा असतो. यांनी तिचं नावच गिळलं होतं. मोटार बघून भुललेला माझा बाप आठवला. लाज यांना वाटायची, तर मलाच वाटली.

निजामी गेली तरी सासऱ्यांची मोटार मागं राहिली होती. तुळजापूरच्या दर्शनाला निघालो, जळकोट सोडलं आणि बॉनेटमधून वाफ उसळली.

“पाइप फुटला,” हे म्हणाले.

इंजिन निवल्यावर त्यांनी रेडिएटरची रबरी नळी सोडवली. तिच्यावर हिरव्या इरकली लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली होती. सासूबाईंनी ती झटकन काढून कमरेला खोचली आणि माझ्या हातात डबा दिला.

“वढ्याचं पाणी आण गं. हिरीकडं जाऊ नगं.”

ओढा कोरडा होता.

विहिरीवर भर दुपारी पाखरूसुद्धा नव्हतं. शेवाळाचा, कुबट ओल्या कापडाचा वास. डबा सोडायला वाकले, तर शेजारी एक बाई. हिरवं इरकल, फाटका पदर. ती माझ्या गळ्याकडं बघत होती.

“माझं काईच न्हाय घातलं व्हय गं...?”

माझी मान खाली गेली. गळ्यावर उगाच पदर ओढून घेतला.

“नळीला बांधाया पदर फाडून दिला म्या. पाण्याच्या दुसऱ्या खेपेला आले... तवर मोटार चालू झाल्याचा आवाज आला. मला टाकून चालले वाटलं... घाईनं वाकले...”

तिच्या फाटक्या पदरातून पाणी ठिबकत होतं.

“...अन् गेलेच की गं.”

परतले तेव्हा मोटारीत जपून ठेवलेली नवी नळी बसली होती. ह्यांनी पाणी ओतलं, हँडल मारलं. इंजिन घरघरलं.

“बस लवकर!”

मी दार उघडलं, पण बसले नाही. जरा वेळ तसंच धरून ठेवलं. सीट आपोआप दबली. तिच्यावर ओल पसरत गेली. मग मी कडेला, अंग चोरून बसले.

“काय बघतीस गं मुके?” सासूबाई पुढून म्हणाल्या.

लग्न झाल्यापासून यांच्यापुढं मी तोंड उघडलं नव्हतं.

“चला आता,” मी म्हटलं, “थोरल्या बाई बसल्या.”