लाल पट्ट्याच्या चार गाई

दुपारच्या धारांची वेळ झाली, फाटक उघडलं, आणि दोनशे दहा गाईंपैकी एकही जागची हलेना.

धारा काढणारी ती खड्ड्यात तयारीत उभी होती. खड्डा म्हणजे दूध काढायच्या शेडमधला, मधोमध खणलेला, कमरेएवढा. गाई वरती दोन्ही बाजूंना रांगेत उभ्या राहतात आणि कामगार खाली, म्हणजे कास बरोबर हाताशी येते. पाच मिनिटं झाली, सात झाली, तरी वर एकही खूर वाजेना. शेवटी ती रबरी एप्रन सावरत, गमबूट आपटत बाहेर आली. गोठ्यावर सगळे तिला 'फौजदार' म्हणायचे ते काही उगाच नाही.

वाटेच्या ऐन तोंडाशी चाकांवरचा एक पिवळाधमक लोखंडी सांगाडा उभा होता. त्याला टेकून एक तरुण आरामात बाटलीतून पाणी पीत होता.

"हे काय आहे?"

"खोडा. गाईला यात उभं करून खुरं तासतात. मी खुरं तासणारा, चार दिवसांसाठी आलोय."

"मग उचला इथून."

"सव्वा टनाचा आहे हो."

"मग ढकला! नवीन वस्तू दिसली की गाई पाऊल टाकत नाहीत. जनावरांतच काम करता ना तुम्ही?"

"करतो... पण मी त्यांच्या पायांपाशी असतो. डोक्यात काय चाललंय ते मला कळत नाही."

"ते दिसतंच आहे."

तो हसला आणि निमूटपणे खोडा ढकलू लागला. पहिली गाय सुटल्यासारखी निघाली आणि जाता जाता तिने शेणाने भिजलेली शेपटी फौजदारांच्या तोंडावर सपकन फिरवली. हसू दाबताना त्याचा चेहरा लालबुंद झाला, पण खिशातून रुमाल काढून त्याने हात लांब करून पुढे धरला. पांढरा, घडी घातलेला, चक्क इस्त्रीचा रुमाल!

"डाव्या गालावर... नाही, तुमच्या डाव्या. हं — गेलं."

ती पाठ फिरवून खड्ड्यात उतरली. रुमाल मात्र परत द्यायचा राहिला. राहिला म्हणजे, तिने दिला नाही.

आता हिची गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षं ती इथे धारा काढत होती. पहाटे चारला पहिली पाळी, दुपारी दोनला दुसरी. हिवाळ्यात बोटं वाकायची नाहीत आणि उन्हाळ्यात एप्रनच्या आत अंघोळ व्हायची. लाथा किती बसल्या ते तिने मोजणं सोडून दिलं होतं. पण कुठली गाय आज गप्प आहे, कुणाची कास नेहमीपेक्षा गरम लागते, हे तिच्या हाताला यंत्राच्या आधी कळायचं. शिकायची हौस होती म्हणून रविवारच्या वर्गाला बसून तिने पशुपालनाची पदविकाही मिळवली होती.

ताईला यातलं काहीच पटत नव्हतं. "मनगटं बघ तुझी, पैलवानासारखी झालीत," असं ताई म्हणायची. भाऊजींच्या मोबाइलच्या दुकानात पंख्याखालची खुर्ची तिच्यासाठी रिकामी ठेवली होती. शेवटी दोघींत करार झाला. गोठाप्रमुखाची जागा मिळाली तर ती इथे राहणार, नाही मिळाली तर पुढच्या महिन्यापासून दुकानात.

आणि ती जागा खरंच रिकामी होत होती. म्हातारे मुकादमकाका गुडघ्यांनी हैराण होऊन निवृत्त व्हायचे होते. मालकीणबाईंनी तिला बोलावून सरळ सांगितलं होतं, "शनिवारची दुपारची पाळी तू एकटीने सांभाळ. मुकादम नुसते उभे राहतील. नीट झालं तर जागा तुझी. नाहीतर मी बाहेरून माणूस आणणार."

मग शनिवार उजाडेपर्यंत तिला दुसरं काही सुचायला नको होतं. पण सुचत होतं.

खड्ड्यातून वरच्या माणसांचे पायच तेवढे दिसतात. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की एक मातकट बुटांची जोडी पाण्याच्या नळाकडे जरा जास्तच वेळा जाते. तिसऱ्या दिवशी ते बूट खड्ड्याच्या कडेला थांबले.

"ती मागच्या उजव्या पायाने फेंगडी चालणारी कोण हो? आज तिचं खूर केलं. आता बघा कशी डौलात चालते."

"पुढचा डावा सड आखूड असलेली का?"

"सड मी बघत नाही."

"खुरं मी बघत नाही."

"म्हणजे मी पायांवरून ओळखतो, तुम्ही कासेवरून... मग चेहरा कोण बघतं?"

"काम उरकलं की बघू निवांत."

"गाईंचा ना?"

हातातला, सडाला लावायचा यंत्राचा कप निसटला आणि हवा ओढत फुरफुरू लागला. तिने तो घाईघाईने लावला... चुकीच्या सडाला. "गाईंचाच," ती म्हणाली. बूट तरीही बराच वेळ तिथून हलले नाहीत.

शनिवार आला. पहिल्या खेपेच्या चोवीस गाई कशा सुरेख झाल्या! दूध काचेच्या नळीतून सळसळत टाकीकडे जात होतं आणि मुकादमकाका वर कठड्याला टेकून मान डोलावत होते. दुसरी खेप आत आली. ती उजव्या हाताने कास पुसत, डाव्याने कप उचलत पुढे सरकत होती. सातव्या गाईपाशी तिचा हात थांबला.

ही कास तिने काल दोनदा हाताळली होती. मागचा एक सड अजून जरासा कडक होता. हिला इंजेक्शनं चालू होती.

गोठ्याचा नियम साधा होता. औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टा बांधायचा. अशा गाईचं दूध शेवटी, वेगळ्या बादलीत काढून फेकायचं. ते थेंबभर जरी टाकीत गेलं तरी सगळी टाकी ओतून द्यावी लागते. खड्ड्यातून कानातला बिल्ला दिसत नाही, म्हणून तर पट्टा. आणि या गाईच्या पायाला पट्टा नव्हता. पट्ट्याच्या जागी केस दबलेली स्वच्छ गोल खूण मात्र होती आणि त्याखाली नुकतंच तासलेलं, गुळगुळीत खूर.

तिने हातातला कप खाली सोडला.

आज औषधाच्या चार गाई होत्या. बाकीच्या तिघी कुठे? पुढे, मागे... का आधीच्या खेपेत होऊनसुद्धा गेल्या? हिला नुसतं सोडून द्यायचं आणि काम चालू ठेवायचं, एवढंच करायचं होतं. कुणाला कळलंही नसतं, निदान आज तरी. मुकादमकाका वरून बघत होते. तिने भिंतीवरचं लाल बटण दाबलं. यंत्राची घरघर बंद पडली आणि सगळी शेड एकाएकी शांत झाली.

"काका, बाईंना बोलवा. आणि त्या खुरवाल्याला!"

बोलवायची गरजच पडली नाही. तो धावतच येत होता. तोंडचं पाणी पळालेलं आणि मुठीत चार लाल पट्टे.

"दोरी अडकत होती म्हणून काढले... परत बांधणार होतो, खरंच! खिशात हात घातला तेव्हा —"

"अरे मूर्खा, लक्ष कुठे होतं तुझं?" ती ओरडली.

त्याने मुठीतले पट्टे तिच्यासमोर धरले. मग अगदी हळू म्हणाला, "आज माझा शेवटचा दिवस. तुला काहीतरी सांगायचं होतं, ते कसं सांगायचं... याच्यावर होतं."

तिला राग आला, हसू आलं आणि रडूही आलं. सगळं एकदम आलं म्हणून तिने यातलं काहीच केलं नाही. "खाली उतर," ती म्हणाली. "त्यांची खुरं आठवतात?"

"खुरं मी विसरत नाही."

तो खड्ड्यात उतरला. खाली जेमतेम दोघांना पुरेल एवढीच वाट होती. खांद्याला खांदा लावून दोघं एकेका गाईपुढून सरकू लागली. तो खुरं बघत होता, ती कास.

"ही बघ. बाहेरच्या नखाला लाकडी ठोकळा मीच चिकटवलाय."

"हो, हिचीच कास परवा सुजली होती. काका, बिल्ला वाचा!"

मुकादमकाकांनी वरून आकडा वाचला. बरोबर होता. दोन सापडल्या. रांगेत पुढे तिसरी दिसली, दोघांनी एकदमच बोट दाखवलं आणि बोटं एकमेकांवर आपटली. पण चौथी काही मिळेना. रांगेत नाही, बाहेरच्या आवारात नाही. काका लंगडत आवारभर फिरून आले.

तोवर मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. "यंत्र का बंद?"

"चूक माझी आहे, बाई," तो पुढे झाला. "पट्टे मी काढले."

"पट्टे त्यांनी काढले, पण पाळी माझी," ती म्हणाली. "गाई आत घ्यायच्या आधी मला यादी ताडून बघायला हवी होती. तीन सापडल्यात, त्यांचा थेंबही गेलेला नाही. चौथी पहिल्या खेपेत नव्हती अशी माझी खात्री आहे. पण खात्रीवर टाकी पाठवता येत नाही. दुधाची तपासणी करू या. निकाल येईपर्यंत मी यंत्र चालू करणार नाही."

"टँकर साडेपाचला येतो, माहीत आहे ना?"

"थांबेल."

बाईंनी तिच्याकडे एकवार बघितलं आणि काकांना तपासणीची पट्टी आणायला सांगितलं.

निकालाला दहा मिनिटं लागणार होती. दोघं खड्ड्याच्या पायरीवर बसली. समोर चोवीस गाई रवंथ करत उभ्या होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"माझ्यामुळे तुझी जागा गेली तर..." तो म्हणाला.

"तर मी मोबाइलला काचा चिकटवत बसेन. आणि तुला जन्मभर शिव्या देईन."

"जन्मभर? मग चालेल."

तिने झटकन मान वळवली. चार दिवसांत तिने त्याच्याकडे असं जवळून बघितलंच नव्हतं. भुवईवर खुराचा भुसा, कानाशी शेणाचा शिंतोडा आणि डोळ्यांत कमालीची काळजी. तिचं काळीज धडधडू लागलं. ते दुधाच्या भीतीने नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"एक सांग," ती घाईघाईने म्हणाली, "पट्टे चार, गाई तीन. चौथीचा पट्टा काढलास, मग पुढे काय केलंस?"

"खूर तासलं. पाय खाली सोडला. मग सवयीने रुमाल काढायला खिशात हात घातला तर हाताला पट्टे लागले, आणि मी जो पळालो —"

तो बोलायचा थांबला. त्याने कपाळाला हात लावला.

"ती... खोड्यातच आहे."

"काय?"

"फाटक उघडलंच नाही मी. तिला तशीच ठेवून आलो!"

सगळे बाहेर धावले. शेडमागच्या पिवळ्या खोड्यात चौथी गाय चारही तासलेल्या पायांवर ऐटीत उभी होती आणि दांड्याला टांगून ठेवलेला त्याचा शर्ट शांतपणे चघळत होती. अर्धी बाही गेलेली होती. फौजदारांना असं काही हसू फुटलं की तिने खोड्याचा दांडा धरला. मुकादमकाका हसले. मालकीणबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. मग काकांनी तपासणीची पट्टी वर धरली. दूध स्वच्छ होतं, अगदी निर्मळ. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"यंत्र चालू करू, बाई?"

"मला काय विचारतेस?" बाई म्हणाल्या. "गोठाप्रमुख तू आहेस."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दूध वाचलं म्हणून देत नाहीये. परीक्षा चालू असताना स्वतःच्या हाताने यंत्र बंद करणारं माणूस मला पंचवीस वर्षांत भेटलं नव्हतं. बोल, तुझी काही अट?"

तिने दीर्घ श्वास घेतला. "आहे. धारा काढणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी. थकलेल्या हातांकडूनच चुका होतात."

"आणि याच्यासारख्या न थकलेल्यांकडून?"

"त्यांच्यासाठी दुसरा नियम. पट्टा काढायचा तो दातांत धरायचा, खिशात घालायचा नाही."

बाई मान्य म्हणाल्या. मुकादमकाकांनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात ठेवली आणि डोळे पुसायला पाठ फिरवली. ती सरळ खड्ड्यात उतरली. बटण दाबताच यंत्र घरघरू लागलं, काचेच्या नळीतून दूध पुन्हा सळसळलं. त्या दिवशी टँकर वीस मिनिटं थांबला आणि टाकी काठोकाठ भरून गेली. मग तिने ताईला फोन केला. पलीकडून एक किंकाळी आणि मग, "अहो, ऐकलंत का, त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बघा! आमची धाकटी प्रमुख झालीय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या टेबलावर ती पट्टीने रेघा मारून सुट्ट्यांचा तक्ता आखत होती. सोमवारी कोण, मंगळवारी कोण. दाराशी तो उभा होता. अर्ध्या बाहीचा शर्ट घालून, खोडा गाडीला जोडून, निघायच्या तयारीत.

"आत येऊ का, प्रमुखसाहेब?"

"काल तर 'तू' म्हणत होतास."

"ते संकटात. आता चालेल का, विचारायला आलो होतो."

"आणखी काय सांगायचं राहिलं होतं?"

तो दाराच्या चौकटीशी चाळा करत राहिला. "हेच की... मी गावोगाव फिरतो. प्रत्येक गोठ्यावर चार दिवस, मग सहा महिने तिकडे फिरकत नाही. आजवर कुठून निघताना वाईट वाटलं नव्हतं. इथून निघवत नाही. मला तू फार आवडतेस. रागावतेस तेव्हा आवडतेस, बटण दाबलंस तेव्हा तर —"

तिने मान वर केलीच नाही. कान मात्र लाल झाले होते. पेन्सिल तक्त्यावरून हळूहळू खाली सरकली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तिथे तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. त्याच्यापुढचा वार अजून कोरा होता.

"सगळ्यांच्या सुट्ट्या लावून झाल्या," ती म्हणाली. "माझीच राहिलीय. सांग ना... तू कुठल्या वारी मोकळा असतोस?"