बांधावरचा कॅमेरा

पोशीरच्या आमच्या खाचरात भाताची लावणी चालू होती आणि बांधावर एक परका माणूस स्टँडवर कॅमेरा लावून उभा होता. कर्जत तालुक्यात याचा अर्थ कुणालाही कळतो. प्लॉटवाला! आज फोटो, उद्या कुंपण, परवा कुणाचं तरी फार्महाऊस.

हातातली रोपांची मूठ तशीच घेऊन मी तरातरा निघाले.

"ओ! कुणाला विचारून फोटो काढताय?"

"सोमादादांना... त्यांनीच पाठवलंय—"

"बाबांचं नाव सातबाऱ्यावर कुठल्याही प्लॉटवाल्याला दिसतं!"

त्याला हसू आलं. मी आणखी भडकले, आणि पाय घसरला. त्याने पटकन हात पुढे केला. मी तो झटकला आणि सरळ चिखलात बसले. हात छान होता, हे मात्र तेव्हाच लक्षात आलं. खोटं कशाला बोलू?

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नाचलेले माझे बाबा आठवड्याभरात अर्धांगवायूने आडवे झाले. उजवा हात लुळा पडला. मी नेरळला औषधांच्या दुकानात कामाला, म्हणून सोनुआत्याच त्यांना कर्जतच्या दवाखान्यात व्यायामाला नेते. "हात चालला नाय तर शेत ठेवून करू काय?" असं बाबा हल्ली सारखं म्हणत होते. त्या कॅमेरेवाल्याबद्दल विचारलं, तर भिंतीकडे बघत बसले. मला धडकीच भरली. जमीन विकायचं तर ठरलं नाही ना?

पुढच्या गुरुवारी मी रजा टाकून स्वतःच त्यांच्याबरोबर गेले. व्यायामाच्या खोलीत तोच! पांढरा कोट, खिशावर नाव... मिलिंद.

"तुम्ही?"

"मी. साजगावचा. प्लॉट नाहीत माझ्याकडे, भाड्याची एक खोली आहे फक्त."

मी हसले नाही. त्याने बाबांच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा चढवला.

"कसली सही-बिही घेतली नाही ना यांची?"

"सही करायला हात उचलला, तर मी पेढे वाटीन," तो म्हणाला. "या चष्म्यात सगळं खरंखुरं समोर असल्यासारखं दिसतं. आधी सफरचंदं तोडायचा खेळ होता. हात उचलायची ओढ लागावी म्हणून. पण तुमचे बाबा—"

"म्या सफरचंदं इकत पन घेत नाय, तोडू कशाला?" बाबा चष्म्याआडून गुरगुरले.

"म्हणून म्हटलं, यांना यांचं शेतच दाखवू."

"मग मला सांगायला काय झालं होतं, बाबा?"

"तू आस लावून बसली असतीस गं," बाबा हळूच म्हणाले. "आन हात हललाच नाय तर?"

तेवढ्यात बाबा ओरडले, "दीक्षे, सांभाळ गं!" आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून वीतभर वर आला. थरथरत... बोटं उघडलेली. मी रडायलाच लागले.

"सोमवारी याच जागी नुसती बोटं हलली होती," मिलिंद म्हणाला.

"याच जागी म्हणजे?"

त्याने तो चष्मा मला घातला. समोर आमचं खाचर, वाकलेल्या बाया, पाण्यावर पावसाची टपटप. आणि बांधावरून मूठ उगारून येणारी एक भवानी. मीच! अगदी जवळ येऊन घसरले.

"हा तुकडा कापला का नाही?" मी चष्म्यातूनच विचारलं.

"बाबांच्या उपयोगाचा आहे."

"तेवढंच?"

"नाही... पेशंट गेले की मीही बघतो. रोज."

"रोज? आणि तुमचा भरवसा काय?"

"काही नाही. रविवारी लावणीला बोलवा. गुडघाभर चिखलात उभं करा, मग ठरवा."

चष्म्यात तो तुकडा पुन्हा सुरू झाला, मी घसरले आणि त्याचा हात पुढे आला. हवेतच असणार म्हणून मी माझा पुढे केला... तर बोटांना खरीखुरी, ऊबदार बोटं लागली. या वेळी मी झटकली नाहीत.

"दीक्षे," बाबा खुर्चीतून म्हणाले, "टाळीला दुसरा हात येत नाय अजून. नायतर वाजवली असती."