शांतालेख

चांद्रतळाच्या नियंत्रणकक्षात दोन खुर्च्या होत्या आणि घुमटातल्या हवेचा दाब दाखवणारे दोन पडदे. डावीकडे तळप्रमुख श्रीकांत नेऊरगावकर, उजवीकडे त्याची सहकारी तबस्सुम इनामदार. घुमटात चाळीस माणसं होती. भाजीच्या वाफ्यांवर काम करणारी श्रीकांतची मुलगी ऋजुता त्यांतलीच.

"सर, रेषा उतरतेय," तबस्सुम म्हणाली. "माणसं आसऱ्यात हलवायला हवीत."

"माझ्याकडे तर सपाट आहे."

हा शांतालेख, म्हणजे बघणाऱ्याला घाबरू न देणारा दाबाचा आलेख, श्रीकांतनेच बनवला होता. आधीच्या आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी अठ्ठ्याण्णव टक्क्यांपासून सुरू व्हायचा. दाब टक्काभर घटला तरी पडद्यावर कडा कोसळायचा. एकदा त्या कड्याला घाबरून घुमट रिकामा केला, त्याची ऊबही बंद केली आणि वर्षाचं पीक थंडीने गेलं. दुधाने तोंड पोळलं, मग ताकही फुंकून प्यायचं ठरलं. पडद्यावरचे आकडे काढले. नवा अक्ष बघणाऱ्याच्या नाडीप्रमाणे ताणला जाई: माणूस जितका घाबरलेला, तितकी रेषा सपाट. शिवाय दोन्ही पडद्यांवर उतार असल्याशिवाय आसऱ्याची दारं उघडत नसत.

"म्हणजे तुम्ही घाबरलाय, सर."

"ऋजुता आत आहे, तबस्सुम."

"क्षणभर शांत व्हा. तेवढं पुरे."

श्रीकांतने डोळे मिटून संथ श्वास घेतला. पोरीचा जीव धोक्यात असताना कुठला बाप शांत होईल? पण यंत्राला बाप कळत नव्हता, नाडी कळत होती. त्याने डोळे उघडले तेव्हा रेषा आणखीच सपाट झाली होती.

"तुमचीच रचना आहे ना? मोडा की."

"मोडता येत नाही. घाबरलेल्या माणसाने मोडू नये, म्हणून तशीच केलीय."

तबस्सुमचं घुमटात कुणी नव्हतं, म्हणून ती आतापर्यंत थंड डोक्याने बघू शकली होती. आता श्रीकांतची भीती तिलाही लागली. तिच्या पडद्यावरची रेषा हळूहळू वर सरकून आडवी झाली. तिला एकदम हायसं वाटलं. मग ते का वाटलं हे कळलं, आणि तिला रडू फुटलं.

ध्वनिक्षेपक खरखरला.

"बाबा, इथे सगळ्यांच्याच कानात दडे बसलेत. तिकडे काही दिसतंय का?"

श्रीकांतने पडद्याकडे पाहिलं. इतकी सरळ रेषा त्याने आजवर पाहिली नव्हती.

"नाही, बाळा," तो म्हणाला. "काहीच दिसत नाही."