बारा वाजून दोन मिनिटं

पंख्यांच्या पेट्या बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी अहवालात खोटं लिहिलं. पेटी न उघडता, कळस गावात पाय न ठेवता, बारामतीच्या गार खोलीत बसून लिहिलं, 'बाहेरच्या माणसानं छेडछाड केली.' खाली सही ठोकली. आणि त्या एका ओळीवरून भिमातात्यावर दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल होणार होता.

साक्षी त्याच कंपनीत होती. पॉलिहाऊसचे पंखे चालवणाऱ्या पेटीतला ड्रायव्हर, म्हणजे पंख्याला 'आता सुरू हो' असा निरोप देणारा प्रोग्राम, मुळात तिनं लिहिलेला. गेल्या वर्षी युवराजनं तो 'साफसूफ' केला आणि मुख्य इंजिनिअरच्या खुर्चीवर जाऊन बसला. साक्षीच्या वाट्याला तक्रारींचा फोन आला. ती खुर्ची तिला अजून सलायची.

कळसला मनिषाच्या पॉलिहाऊसात ढोबळी मिरची उकडून माना टाकून पडली होती.

"पंखे कवा बंद पडले?" साक्षीनं विचारलं.

"वीस एप्रिलला. आमी समदी इंदापूरला लग्नात. घरी येऊन बघतो तर आत भट्टी." मनिषानं कुंपणापलीकडं बोट केलं. "भावजींना दुपारी आत जाताना लोकांनी बघितलंय."

साक्षीनं पेटीतली नोंद काढली. पंखे दर पंधरा मिनिटांनी लागायचे. अकरा पन्नासला लागले होते. बारा पाचला लागलेच नाहीत, आणि नंतर कधीच नाहीत.

"पेटी चालू कवा केली?"

"एक मार्चला. संध्याकाळी सातला, सासूबाईंच्या हातनं."

"मधी लाइट गेली?"

"आमची कशाला जाईल? सोलरची बॅटरी हाय. भावजींची जाती रोज, म्हणून तर जळत्यात."

मनिषाचा दीर भिमातात्या बांधावरच बसला होता.

"तात्या, तुमी आत गेलावता?"

"व्हय."

"कशाला?"

"रोज जातो. तिच्या मिरच्या मोजतो. माझ्या झाडाला बारा, तिच्या झाडाला वीस. पाणी तेच, माती तीच. मग झोप लागंल का मला?"

"जळता?"

"जळतो की. पर पेटीला बोट लावलं न्हाय. जळायला हात लागत न्हाईत, बाई."

साक्षीला हसू आलं आणि लगेच विरलं. ती तरी काय करत होती? युवराजची फाइल रोज उघडायची, आपल्या किती ओळी शिल्लक राहिल्या ते बघायची. तिच्यात आणि तात्यात फरक एका बांधाचा.

तिनं युवराजला फोन लावला.

"तुझ्या ड्रायव्हरमध्ये खोट असू शकते?"

"लासुर्ण्याच्या पॉलिहाऊसला तीन महिने चालवलाय. एकदाही पंखा अडला नाही."

"तीन महिने?"

"मोजून नव्वद दिवस. तुला माझी खुर्ची पाहिजे साक्षी, म्हणून खोट दिसतीये."

घाव वर्मी बसला, कारण अर्धा खरा होता. तिनं फोन ठेवला. मग तिला आठवलं, लासुर्णे म्हणजे तिचंच गाव. लाइट रोज जाते म्हणून आई सकाळीच मोबाइल चार्जिंगला लावते.

रोज जाते.

तिनं लॅपटॉप उघडला. ड्रायव्हरमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद मिनिटासकट असते. ती वाचत गेली आणि तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी यायच्या आधी मनिषाच्या अंगणात सगळे जमले. साहेब, युवराज, मनिषा, आणि लांब उकिडवा बसलेला तात्या.

"मोटारसायकलचा मीटर घ्या," साक्षी म्हणाली. "पाच आकडी. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की शून्य. पेटीतलं घड्याळही असंच. वीज आल्यापासून मिलिसेकंद मोजतं. एकोणपन्नास दिवस, सतरा तास, दोन मिनिटं झाली की शून्यावर येतं. एक मार्च, संध्याकाळी सात. तिथनं मोजा."

मनिषानं बोटांवर मोजलं. "वीस एप्रिल. दुपारी बारा वाजून दोन."

"पुढची पाळी बारा पाचची. ती वेळ ड्रायव्हरनं आधीच्या वेळेत पंधरा मिनिटं मिळवून काढली आणि सहा आकडे मावतील अशा जागेत लिहिली. म्हणजे मीटर शून्यावर आला, आणि पंखा एक लाखाचा आकडा दिसायची वाट बघत बसला. पाच आकडी मीटरवर तो दिसणार कधी?"

"मग लासुर्ण्यात का नाही झालं?" युवराज म्हणाला.

"तिथं रोज लाइट जाते. पेटी रोज नव्यानं चालू होते. तुझे नव्वद दिवस म्हणजे एकच दिवस नव्वद वेळा. हितं बॅटरी हाय. हिची लाइट जात नाही, तेच नडलं."

"चूक होते माणसाकडून."

"होते. मी लिहिताना दोन वेळांमधलं अंतर मोजलं होतं. तसं केलं की शून्यावर येऊनही बिघडत नाही. गेल्या वर्षी साफसूफ करताना ती ओळ तू दुपारी चार वाजून दहाला काढलीस. तिला चूक म्हटलं असतं. पण माझी एक चाचणी होती. ती घड्याळ मुद्दाम शेवटच्या पाच मिनिटांवरून सुरू करायची. चार पंचवीसला ती चाचणी लाल झाली. पंखा अडतो, असं तिनं तुला सांगितलं. चार चाळीसला तू ती चाचणीच पुसलीस."

युवराज तिच्याकडं न बघता बोलला. "प्रत्येक मीटिंगला तुझंच नाव. साक्षीची ओळ, साक्षीची चाचणी. एका तरी फाइलीत तुझं नाव नको होतं मला."

तात्या मागनं पुटपुटला, "आन जळकुटा मी."

कुणी हसलं नाही. साक्षी साहेबांकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"चाचणी पुसायला वरिष्ठांचीही सही लागते, साहेब. चार चाळीसला तुमची आहे. अहवालावरही तुमचीच. अशा सोलरवरच्या नव्या चाळीस पेट्या आज इंदापूर तालुक्यात दिवस मोजतायत. पहिली सही करताना तुम्ही वाचलं नव्हतं, की दुसरी करताना लपवायचं होतं? पोलिसांची गाडी रस्त्याला लागली आहे. ती यायच्या आत, तात्यांकडं बघून सांगा."