चार अक्षरांआधीची शांतता

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या रांगेला वळसा घालून पुढे गेलं की एक जाडजूड दार लागतं. दारावर पाटी आहे : 'लाल दिवा चालू असताना ठोठावू नये.' लोक नेमके दिवा चालू असतानाच ठोठावतात, तो भाग वेगळा. त्या दाराआड रेकॉर्डिस्टबाईंची एकोणीस वर्षं गेली होती. ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार, अशा पेशंटांकडून आधी आठशे वाक्यं वाचून घ्यायची, ती साफसूफ करून कॉम्प्युटरला द्यायची, म्हणजे पुढे पेशंटने टाइप केलेलं काहीही कॉम्प्युटर त्याच्याच आवाजात बोलतो. आत पेशंट, बाहेर बाई, मधे दुहेरी काच, असा तो कारभार.

खरी शांतता जगात नसतेच, असं बाई नव्या डॉक्टरांना ठणकावून सांगत. माणूस कितीही गप्प बसला तरी श्वास असतो, शर्टाची सळसळ असते, गिळलेला आवंढा असतो. एकदा एका हवालदाराच्या पोटात कावळे ओरडले, तेही मायक्रोफोनने इमानेइतबारे टिपले होते. आवाज दाखवणारी पडद्यावरची हिरवी पट्टी कधी पूर्ण खाली जात नसे. तळाच्या दोन रेघा थरथरत राहायच्याच. एकोणीस वर्षांत त्या एकदाही विझल्या नव्हत्या.

लेखनिककाका आले ते सोमवारी, मुलीला घेऊन. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, उजव्या हाताच्या दोन बोटांना शाईचा न जाणारा डाग. साठ वर्षं हा माणूस हिब्रू धर्मग्रंथ हाताने लिहीत आला होता, कमावलेल्या चामड्यावर, पिसाच्या लेखणीने. घशात गाठ निघाली होती आणि पुढच्या गुरुवारी स्वरयंत्र काढून टाकायचं ठरलं होतं. त्यानंतर श्वास गळ्याच्या भोकातून, तोंडाकडे हवा म्हणून जाणार नाही.

"ताई, बाबांचा आवाज घरात राहिला पाहिजे, बाकी काही नको," मुलगी म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवत होती. "रागावले तरी त्यांच्याच आवाजात रागावू देत."

"मी कधी रागावतो?" काकांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हे बघा, आत्ता."

काकांचं काम बघून बाई पहिल्याच दिवशी गार झाल्या. 'दूध उतू गेलं', 'माझा चष्मा कुठे ठेवला?', 'छत्री घेऊन जा' अशी ती आठशे वाक्यं. बाकीचे लोक विसाव्या वाक्यानंतर पाट्या टाकायला लागतात. काका मात्र दूध उतू गेल्याचं असं वाचत की जणू प्रत्येक शब्दाची नंतर तपासणी व्हायची आहे. घसा दुखत असला तरी चुकलेलं वाक्य स्वतःहून परत घेत. बाईंना असली माणसं आवडत. स्वतःच्या हातचं काम त्यांनीही कधी वाईट होऊ दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काकांनी एक विनंती केली. आठशे वाक्यं झाल्यावर थोडी स्तोत्रं वाचू द्याल का? मुलीने पिशवीतून त्यांच्या हातची मोठ्या अक्षरांची वही काढून दिली. काका वाचू लागले. बाईंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण मधूनमधून ते थबकत आणि मग 'अदोनाय' म्हणत, एवढं लक्षात आलं.

"काका, तिथे अडखळताय का? पाणी देऊ?"

"अडखळत नाही, बाई. तिथे देवाचं नाव आहे. योद, हे, वाव, हे. चार अक्षरं. आमच्या जुन्या लिपीत नुसती व्यंजनं लिहितात. मधले स्वर ज्याला माहीत त्याला माहीत. हे नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून त्याजागी 'अदोनाय' म्हणतो, म्हणजे माझा प्रभू. न घेता न घेता शेकडो वर्षांत खरा उच्चार कसा होता हेच लोक विसरले. पंडित आपापले तर्क लढवतात."

"म्हणजे लिहिता, पण म्हणत नाही?"

"साठ वर्षं लिहितोय. लिहायच्या आधी मोठ्याने सांगायचं, की मी आता नाव लिहितोय. मग चार अक्षरं पुरी होईपर्यंत मान वर करायची नाही. साक्षात राजाने नमस्कार केला तरी नाही. आणि लिहिलेलं खोडायचं नाही. एक अक्षर चुकलं तर अख्खं पान जमिनीत पुरायचं."

"किती पानं पुरलीत?"

"तीन," काका म्हणाले. ती संख्या सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की बाईंनी विषय वाढवला नाही.

त्या दुपारी बाई स्तोत्रांची साफसफाई करायला बसल्या. वाक्यांमधले विराम कापून टाकायचे, ही त्यांच्या धंद्यातली पहिली शिस्त. काकांच्या पहिल्या विरामावर त्यांनी कात्रीचं बटण दाबलं आणि हात थांबला. हिरवी पट्टी पूर्ण विझली होती. श्वास नाही, सळसळ नाही, विजेची गुणगुण नाही. तळाच्या दोन रेघासुद्धा नाहीत.

वायर गेली असणार, असं त्यांनी ठरवलं. पण मग 'अदोनाय' कसं ऐकू येतंय? त्यांनी पुढचा विराम पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. चोपन्न जागा होत्या. चोपन्न ठिकाणी पट्टी विझत होती आणि प्रत्येक विराम एक सेकंद आणि चार दशांशाचा होता, तसूभर कमी नाही की जास्त नाही. माणसाला असं मोजून थांबता येत नाही. बाईंनी ओठ घट्ट मिटून चोपन्नच्या चोपन्न कापले, फाइल बंद केली आणि घरी गेल्या.

सकाळी फाइल उघडली तर चोपन्न विराम जागच्या जागी होते.

दुसऱ्या एखाद्याने गावभर केलं असतं. बाईंनी मायक्रोफोन बदलला, वायर बदलली, कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने उंदीर सापडावा तशा आशेने टेबलाखाली डोकं घातलं आणि सगळं ठणठणीत असल्याचं सांगून तो चहाला निघून गेला. काकांनी पुन्हा एक स्तोत्र वाचलं. या वेळी बाई पडद्याकडे न बघता नुसत्या ऐकत बसल्या. काका थांबले, आणि हेडफोनमध्ये बाईंना स्वतःच्या कानांतलं रक्तसुद्धा ऐकू येईना. वाईट वाटलं नाही. कोणीतरी मोठं माणूस खोलीत येतंय म्हणून सगळ्यांनी उठून उभं राहावं, तसं काहीतरी वाटलं.

"काका, तुम्हाला तो उच्चार येतो," बाई म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

काकांनी बोटांवरच्या डागाकडे पाहिलं. "गुरूने शिष्याला सांगायचा, सात वर्षांतून एकदा, कानात. माझ्या गुरूंनी मला दिला. मी ज्याला देणार होतो तो मागच्या वर्षी गेला. माझ्याआधी गेला, बघा."

"मुलीला द्या."

"तिला नको आहे. तिला बाप हवाय." ते हसले. "तिचंही खरंच आहे."

"पण विद्या दिल्याने वाढते म्हणतात ना?"

"बाकीच्या विद्या. ही नाही वाढत." मग त्यांनी सरळ बाईंकडे पाहिलं. "माझा आवाज आहे तोवर कोणाच्या तरी कानात जायला हवं. नाहीतर माझ्यापाशी संपलं. बाई, मी तुम्हाला दिलं तर सांभाळाल?"

"अहो, मी तुमच्या धर्माचीसुद्धा नाही."

"कानांना कसला धर्म? शांतता मोजणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. आणि तुम्ही चुकलेलं काम पुढे ढकलत नाही."

बाईंना हो म्हणावंसं वाटत होतं, अगदी मनापासून. पण एकोणीस वर्षांची रोखठोक सवय आडवी आली. "सोमवारी सांगते," त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली आणि आग्रह केला नाही.

रविवारी सकाळी काकांचा घसा सुजला, श्वास कोंडला, आणि गुरुवारचं ऑपरेशन त्याच दिवशी उरकावं लागलं. सोमवारी बाईंना हे मुलीच्या फोनवरून कळलं. "जीव वाचला, ताई," मुलगी रडत म्हणाली. बाईंनीही देवाचे आभार मानले, आणि फोन ठेवल्यावर मटकन खुर्चीत बसल्या. एका 'हो'ला किती वेळ लागतो? त्यांनी तीन दिवस लावले होते. शेकडो वर्षं कानाकानांतून आलेली गोष्ट त्यांच्या दारात येऊन उभी राहिली होती, आणि त्यांनी तिला लाल दिवा दाखवला होता. पुढचे पाच आठवडे त्या काकांचा आवाज तयार करत राहिल्या, आणि इतकं चांगलं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात दुपारी तीन वाजता काका मुलीबरोबर आले. गळ्याला जाळीची पट्टी, हातात पाटी, वजन निम्म्यावर. पाठ मात्र तशीच ताठ.

बाई त्यांच्यापाशी गेल्या. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरल्या. "काका, चुकलं माझं. त्याच दिवशी हो म्हणायला हवं होतं. आज म्हणते. पण आता काय उपयोग?"

काकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग पाटीवर लिहिलं : 'नक्की?'

"नक्की."

काकांनी पाटी पुसली आणि मुलीचा हात धरून ते आतल्या खोलीत गेले. जाड दार मिटलं. बाईंनी हेडफोन चढवला.

काकांनी वही उघडून समोर ठेवली. मुलीने बटण दाबलं आणि कॉम्प्युटर काकांच्या आवाजात स्तोत्र वाचू लागला. मुलीने तोंडात पदराचं टोक धरलं. तोच आवाज होता, तोच घोगरेपणा, तीच शब्दाशब्दाची काळजी.

पहिल्या नावापाशी कॉम्प्युटर थांबला. बाईंनी विराम कापले होते, तरी थांबला.

हिरवी पट्टी विझली.

एक सेकंद आणि चार दशांश झाले. 'अदोनाय' आलं नाही.

काकांचे ओठ हलले.

त्या ओठांपर्यंत हवा पोचत नव्हती. आवाज काढणारं यंत्र पाच आठवड्यांपूर्वी कापून टाकलेलं होतं. शेजारी बसलेली मुलगी डोळे पुसत होती, तिला काही ऐकू आल्याचं दिसत नव्हतं. पट्टी विझलेलीच होती.

बाईंना ऐकू आलं.

ते काय होतं हे त्यांनी पुढे कोणालाही सांगितलं नाही. मोठं नव्हतं, एवढंच म्हणाल्या. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त आनंद झाला. इतकं सुंदर काही आपल्याकडे यावं अशी आपली लायकी नाही, असं वाटून डोळे भरून आले.

मग पट्टीच्या तळाशी दोन रेघा पुन्हा थरथरू लागल्या आणि कॉम्प्युटर पुढचं स्तोत्र वाचू लागला.

काका खुर्चीत सैलावून बसले होते. चेहरा मोकळा, मोठं ओझं उतरवून ठेवल्यासारखा. त्यांनी वही जवळ ओढली, ओळीवरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहून मुलीला दाखवलं.

"बाबा, थट्टा करू नका," मुलीचा आवाज हेडफोनमध्ये आला.

काकांनी मान हलवली. पाटी पुन्हा पुढे केली. काचेतून बाईंना ती वाचता आली : 'हा शब्द मी पूर्वी कधी पाहिलेला नाही. कुठला आहे?'

मुलीचा चेहरा पांढरा पडला. "अदोनाय," ती कशीबशी म्हणाली. "तिथे अदोनाय म्हणायचं, बाबा." काकांनी पहिलीतल्या पोरासारखे ओठ हलवून ते दोनदा घोकलं आणि आभार मानल्यासारखे तिच्याकडे बघून हसले.

शाईचा डाग पडलेलं त्यांचं बोट अजून त्या चार अक्षरांखाली होतं. दुहेरी काचेच्या पलीकडे, दहा फुटांवर, बाईंच्या बाजूने उलटी दिसणारी ती वही. त्या लिपीतलं एकही अक्षर न येणाऱ्या बाईंनी तो शब्द सरळ वाचला. जिभेचं टोक आपोआप पहिल्या अक्षराच्या जागी गेलं. त्यांनी तोंडावर तळहात दाबला, त्यावर दुसरा दाबला.

दार उघडून मुलगी धावत बाहेर आली. "ताई, बाबांना काय झालंय बघा ना! ताई? अहो, तुम्ही काही बोलत का नाही?"