पुट्टीची मागची बाजू

या, बसा. भित्र्यांनी भिंतीला टेकून बसू नये, एवढंच सांगतो... सरकलात ना? अरे, अजून गोष्ट सुरूही नाही केली!

ही माझ्या साडूची हकीकत. धंद्यानं रंगारी. गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. मी त्याच्याकडे माझी शिडी परत आणायला गेलो होतो. साडूनं एकदा वस्तू नेली की तिला स्वतःचं आडनावच लावतो.

बघतो तर कोपऱ्याच्या खोलीत साडू भिंतीत पुट्टी भरतोय. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग जिन्यासारखी तिरकी वर चढलेली. खाली केसाएवढी, वर बोट जाईल एवढी. दार चौकटीला घासतं म्हणून त्याला रंधाही मारून झालेला. आणि बाहेर मोरीचं पाणी नेमकं त्याच कोपऱ्यात मुरतंय!

"अरे, रोग रेड्याला नि औषध पखालीला!" मी म्हटलं. मी चौथी दोनदा केलेला माणूस, पण एवढं मलाही कळतं. "पाया बसतोय तुझा."

"तुमचं डोकं बसलंय," साडू म्हणाला. "आणि रोज रात्री ही पुट्टी कोण काढतं, तेही कळतंय मला."

म्हणजे काय, तर भरलेली पुट्टी रोज सकाळी खाली. चुरा नाही. अख्खी पट्टी, जपून काढल्यासारखी, त्याच्या लेकीच्या उशाशी. गावात चपला बदलल्या तरी माझंच नाव निघतं, तिथे पुट्टी काय!

"मग आज रात्री माझ्यासमोर बसा," साडू म्हणाला.

त्या खोलीत त्याची लेक तान्ह्या बाळाला घेऊन झोपायची. म्हटलं, त्यांना तरी पुढच्या खोलीत झोपव. ऐकेल तर साडू कसला! मी काही लबाडी करू नये म्हणून त्यानं माझे दोन्ही हात धरून ठेवले. दोन म्हातारे, हातात हात. लग्नातसुद्धा मी इतका वेळ कुणाचा हात धरला नव्हता.

दीड वाजला. एक हात सोडवून मी खिशातली गोटी जमिनीवर ठेवली. खिशात गोटी कशाला, ते विचारू नका. गोटी घरंगळत कोपऱ्यात गेली.

"फरशीवाला आंधळा होता," साडू म्हणाला. पण आवाज बारीक झालेला. त्यानं माझा हात पुन्हा धरला.

मग... खर्र.

भिंतीत.

"उंदीर..."

उंदीर असा थांबून थांबून खरवडत नाही.

पुट्टी हलली. बाहेर आली. जीभ काढावी तशी. हळू. पट्टी सुटली... पडल्याचा आवाज नाही. बाळाच्या उशाशी होती.

साडूनं माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही त्याच्याच मुठीत.

"लेकीला उठव," मी म्हटलं.

ती उठली. बाळाला दुपट्यात गुंडाळलं. साडूनं दार ढकललं. हलेना. रंधा मारलेलं दार, हलेना! खर्र. आता वरून. डोक्यात माती पडली.

"लाव खांदा!"

एकदा. दोनदा. बाळ रडायला लागलं. तिसऱ्यांदा दार कडाडून उघडलं. आम्ही अंगणात.

मागे कोपरा खाली बसला. छप्पर पलंगावर आलं.



उजाडल्यावर बाळाच्या दुपट्यातून पट्टी निघाली. एक बाजू गुळगुळीत, साडूच्या पात्यानं ओढलेली. मागची बाजू, जी भिंतीत होती... तिच्यावर चार बोटं उमटलेली. आतून ढकलल्यासारखी. साडूनं सगळा ढिगारा उपसला. पोकळी कुठेच नव्हती. विटांना विटा चिकटलेल्या.

आता त्यानं नवा पाया घेऊन खोली बांधलीय. शिडी अजून दिलेली नाही.

ही घ्या ती पट्टी. वर्ष झालं, वाळून खडूसारखी झालीय. उलटी करा... हं. त्या ठशांवर बोट ठेवा.

ओलं लागलं ना?