भरतीच्या आत

विमानातले दोघं जिवंत असोत वा नसोत, भरतीचं पाणी चढायच्या आत त्यांना बाहेर काढायचं, एवढं एकच काम घेऊन तिघं धावपट्टीच्या टोकावरून दलदलीत उतरले. पुढे विमानतळाचा मेकॅनिक, मधे दवाखान्यातली नर्स, मागे आगीच्या बंबाचा ड्रायव्हर. त्याला सगळे लंबू म्हणत. त्याच्या खांद्यावर ॲल्युमिनियमची शिडी होती, मेकॅनिकच्या हातात पहार आणि नर्सच्या खांद्याला दोर.

दोनच्या सुमारास ते दोन आसनी विमान उडालं, समोरून पक्ष्यांचा थवा आडवा आला आणि इंजिन बंद पडलं. विमान कलंडत लव्हाळ्यांपलीकडे दिसेनासं झालं. ते चालवत होता मेकॅनिकचा मेहुणा, त्याच्या बायकोचा पाठचा भाऊ. शेजारी किनाऱ्याची मोजणी करणारा सर्व्हेअर होता. हेलिकॉप्टर यायला तीन तास लागणार होते. होडी तरंगेल एवढं पाणी अजून नव्हतं. पाचपर्यंत मात्र तिथे पुरुषभर पाणी चढणार होतं!

चिखल आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत आला. लव्हाळी डोक्याच्या वर गेली आणि दिशाच कळेना. पेट्रोलचा वास येईल तिकडे मेकॅनिक वळत राहिला.

"उस्ताद!"

लंबू कमरेपर्यंत रुतला होता. जितका धडपडत होता, तितका खाली जात होता.

"हलू नकोस! शिडी आडवी टाक!" नर्स ओरडली. ती स्वतः शिडीवर पालथी पडली, त्याच्या काखेतून दोर घातला आणि दोघांनी जीव खाऊन ओढलं. लंबू निघाला, त्याचे बूट मात्र चिखलातच राहिले.

"बरं झालं, चावतच होते," तो धापा टाकत म्हणाला. कुणी हसलं नाही.

विमान नाक खुपसून उभं होतं, शेपटी आभाळाकडे. मेकॅनिकने दार उपटलं. मेहुण्याची मान छातीवर कलली होती. नर्सने त्याच्या गळ्यावर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली.

"नाही," ती एवढंच म्हणाली.

पलीकडून कण्हण्याचा आवाज आला. सर्व्हेअर जिवंत होता! त्याचा पाय वाकलेल्या पत्र्याखाली अडकला होता आणि पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलं होतं. मेकॅनिकने पहार घातली. पत्रा हलेना. पाणी कमरेला लागलं. लंबूने पहारीवर अख्खं वजन टाकलं. कडाड! सर्व्हेअर किंचाळला आणि सुटला. त्याला शिडीवर झोपवून त्यांनी बांधलं.

"आता याला," मेकॅनिक मेहुण्याचा पट्टा सोडू लागला.

"उस्ताद, शिडी एकच आहे."

"मी पाठीवर घेईन."

"आणि शिडीचं दुसरं टोक कोण धरणार? मी एकटी?" नर्स म्हणाली.

"घरी बायकोला काय सांगू, सिस्टर? तिने याला कडेवर घेऊन वाढवलंय!"

"ते मला नाही माहीत. हा माणूस श्वास घेतोय, तेवढं मला दिसतंय."

पाणी बरगड्यांना लागत होतं. मेकॅनिकने ओल्या बाहीने मेहुण्याच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि सोडलेला पट्टा पुन्हा आवळून बांधला, पाण्याने त्याला नेऊ नये म्हणून.

"येतो रे," तो म्हणाला, आणि वळून त्याने शिडीचं टोक उचललं.

परतीचं अर्धं अंतर त्यांनी छातीभर पाण्यातून कापलं, शिडी खांद्यांवर पेलून. नर्स सर्व्हेअरचं डोकं वर धरून होती आणि एकसारखी त्याच्याशी बोलत होती. लंबूचे पाय लव्हाळ्याच्या खुंटांनी फाटले होते. शेवटी धावपट्टीवरच्यांनी दोर फेकला. मेकॅनिकने तो शिडीला अडकवला आणि काठावरच्या दहा हातांनी सगळ्यांना वर खेचलं.

सर्व्हेअरला रुग्णवाहिकेत चढवलं, तेव्हा मेकॅनिकची बायको तिथे येऊन पोचली होती. तिने गाडीत डोकावून पाहिलं, मग दलदलीकडे, मग नवऱ्याकडे.

"एकच?"

त्याने मान हलवली. "गेला. मी त्याला तिथेच ठेवून आलो."

ती रडली नाही. चिखलाने माखलेल्या त्याच्या हाताला तिने घट्ट धरलं.

"पाणी कधी उतरतं?"

"रात्री उतरेल, पण अंधारात तिथे जाता येणार नाही. मग उद्या दुपारी दोनला."

"मी येणार बरोबर," ती म्हणाली. "त्याला मी आणीन."